तळवलीहून येताना

वरद, उद्या ती जुनी गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिनाचं नंतर विचार. आधी विचार, वायरिंगला कुणाकुणाचा हात लागलाय. क्षिप्रा, तू हसतेस. हस. गॅलरीचं दार ओढून घे आणि इथे बस, म्हणजे सांगतो. ही गोष्ट माझ्यावर गुदरलेली नाही, दत्तूवर गुदरली. पण त्या रात्री पाऊण वाजता तो माझ्याच दारात येऊन उभा राहिला, म्हणून मला सगळी ठाऊक आहे.

दोन वर्षं झाली. माझं बॅटरीचं दुकान तेव्हा कळंबोलीत होतं, लोखंड बाजाराच्या मागच्या रस्त्याला. दुकानामागेच एक खोली होती, तिथे मी राहायचो. शेजारी दत्तूचं दुकान आणि रस्त्यापलीकडे बरोबर समोर कासिमभाईंचं. दोघांचा धंदा एकच, गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम. दिवे, हॉर्न, डायनामो, वायरिंग.

कासिमभाई मुरूडकडचे. साठीचे, पांढऱ्या दाढीचे, बोलणं कमी. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक बारका बल्ब असायचा, दोन लांब वायरी जोडलेला. गाडीतला फॉल्ट असा असतो बघ, की मालकाकडे असताना दिसतो आणि मिस्त्रीकडे आणली की गायब. अशी गाडी आली की कासिमभाई बॉनेट उघडायचेच नाहीत. विचारायचे, "कुठल्या रस्त्याला करते? किती वाजता? गाडीत कोण कोण असतं?" मग त्याच रस्त्याला, त्याच वेळेला, तीच माणसं गाडीत घालून निघायचे. संशय असेल त्या तारेला तो बल्ब जोडून आरशाला टांगायचे आणि मुकाट बसून राहायचे. गाडीने घोटाळा केला की बघायचे, बल्ब चालू राहिला की विझला. चालू राहिला तर तिथपर्यंतची तार चांगली. विझला तर रोग त्याच्या अलीकडे. दुसऱ्या रात्री बल्ब दुसऱ्या तारेला. तीन-चार रात्री जायच्या, पण फॉल्ट सापडायचाच.

दत्तू तळवलीचा. चाळिशीचा, चपळ, हाताने फार साफ. कासिमभाई स्वतः म्हणायचे, "दत्तूचा हात माझ्यापेक्षा बरा. जरा दम धरायला शिकला पाहिजे." कुणीतरी हे दत्तूला जाऊन सांगितलं. त्याने त्यातलं फक्त दुसरं वाक्य लक्षात ठेवलं.

त्याला ते समोरचं दुकान सहन व्हायचं नाही. सकाळी शटर उघडलं की आधी पलीकडे बघणार, किती गाड्या लागल्यात. त्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. एकदा कासिमभाई मुरूडला गेले होते तेव्हा मानसिंग म्हणून ट्रकवाला आला आणि दत्तूच्याच बाकड्यावर बसून दत्तूलाच विचारतो, "चाचा कल आयेंगे ना? मैं रुकता हूँ." दत्तू म्हणाला, "मैं करके देता, दस मिनट का काम है." मानसिंग म्हणाला, "नहीं नहीं, आप तकलीफ मत लो." आणि खरोखर दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहिला. दत्तूच्या बाकड्यावर झोपला तो. मी हसलो. हसायला नको होतं.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात एका शनिवारी, दुपारची नमाज झाल्यावर, कासिमभाई दुकानात खुर्चीवर बसले ते उठलेच नाहीत. दत्तूनेही तीन दिवस दुकान बंद ठेवलं. खोटं नव्हतं ते, त्याला वाईट वाटलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्याने बाकडं पुसून बाहेर मांडलं आणि रस्त्याकडे बघत बसला.

पहिली गाडी आली ती सुधीरसाहेबांची. बेलापूरला नोकरी, राहायला जवळच खांदेश्वरला. बाहत्तर सालची राखाडी गाडी, दोन हातांतून फिरून यांच्याकडे आलेली. चालता चालता एकदम दिवे जायचे, हॉर्न जायचा, इंजिन अडखळायचं. दोन-तीन सेकंद सगळा अंधार. मग आपोआप सगळं परत. मागून ट्रक येत असला तर काय होईल, विचार कर.

"कासिमभाईंशी बोलणं झालं होतं," सुधीरसाहेब म्हणाले. "सोमवारी आणा म्हणाले होते. शनिवारी तर ते..."

"माझ्याकडं द्या," दत्तू म्हणाला. "आता मीच हाय."

दत्तूने किल्लीचा स्विच बदलला. दोन दिवस गाडी फिरवली, काही नाही. आठवड्याने गाडी परत आली, तेच रडगाणं. त्याने फ्यूजबॉक्स बदलला. परत आली. पुढच्या सगळ्या तारा उपसून नव्या घातल्या. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा परत आली. दत्तूने चालवली की गाडी शहाणी असायची आणि सुधीरसाहेबांकडे गेली की वेड्यासारखं करायची.

मी एकदा म्हटलं, "दत्तू, कासिमभाईंसारखं कर ना. त्यांच्याबरोबर जाऊन बस."

तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "वामनशेठ, तुमी बॅटऱ्या विका."

जाईल कसा? सगळ्या कळंबोलीने म्हटलं असतं, बघा, शेवटी म्हाताऱ्याच्याच वाटेने गेला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुधीरसाहेब गाडी घेऊन आले. बरोबर मीनावहिनी होत्या, त्यांची बायको. साहेब भिडस्त. वहिनी आत बसूनच म्हणाल्या, "कासिमभाई असते तर आमच्याबरोबर येऊन बसले असते गाडीत." रागाने नाही, सहज म्हणाल्या. पण चहाच्या टपरीवर पाच-सहा जण होते, त्यांनी ऐकलं. दत्तूच्या कानशिलापर्यंत लाली चढलेली मी बघितली.

साहेब म्हणाले, "रविवारी रात्री आईला घेऊन साताऱ्याला निघायचंय. घाट आहे. शुक्रवारी सकाळपर्यंत होईल का? नाहीतर पनवेलला कासिमभाईंचा भाचा बसतो, नदीम. त्याला दाखवतो."

"शुक्रवारी सकाळी घेऊन जा," दत्तू म्हणाला. मग टपरीकडे वळून मोठ्याने म्हणाला, "हा फॉल्ट मी काढला नाय तर दुकानावरची पाटी उतरवीन. परत या धंद्याचं नाव घेनार नाय."

शपथ अशी चार माणसांत घालू नये. पण घातली.

बुधवारी आबिदाभाभी आल्या, कासिमभाईंच्या घरवाली. दुकानातलं सामान आवरायला आल्या होत्या. ती राखाडी गाडी बघून रस्ता ओलांडून इकडे आल्या. "सोमवारी यायची होती ती हीच काय?" दत्तूने मान हलवली. त्या म्हणाल्या, "आदल्या रात्री जेवताना पण हिचंच बोलत होते. म्हणाले, असा फॉल्ट दहा वर्षांत आला नाही. हा मीच काढणार, दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू देणार नाही." आणि डोळ्यांना पदर लावला.

दत्तू हातातला पाना पुसत राहिला. त्या गेल्यावर मला म्हणाला, "बघितलंत? मेला तरी गाडी त्याचीच."

आता रात्र सांगतो. गुरुवार, सहा फेब्रुवारी, सत्त्याण्णव. दुसऱ्या दिवशी अमावास्या, म्हणजे चंद्र नव्हता. थंडी बऱ्यापैकी.

दत्तूने शेवटी म्हाताऱ्याची वाट धरली, पण चोरून. दुपारी फोन करून सुधीरसाहेबांना विचारलं, फॉल्ट नक्की कधी येतो. साहेब म्हणाले, बहुतेक गुरुवारी. त्यांची आई यशोदाबाई आठवड्यातले चार दिवस लेकीकडे, सुचित्राकडे असायची, तळवलीला. गुरुवारी जेवून-खाऊन अकराला हे तिघं तिथून निघायचे. जाताना काही होत नाही, येताना होतं. दत्तूने सगळं विचारून घेतलं. कुठे थांबता, कुठला दरवाजा उघडता, किती जोरात लावता. साहेबांना वाटलं, आता हा आपल्याला बरोबर बोलावणार. दत्तूने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांना बरोबर घेतलं असतं तर ती कासिमभाईंची पद्धत झाली असती. एकट्याने जाऊन फॉल्ट काढला तर ती दत्तूची.

सव्वादहाला तो निघाला. स्वतःचा बल्ब बॅटरीकडून किल्लीकडे येणाऱ्या तारेला जोडला आणि आरशाला टांगला. मी दारात उभा होतो. गाडीत तो एकटा होता. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, लक्षात ठेवा.

बेलापूर, नेरुळ, तुर्भे, सगळं नीट गेलं. बल्ब चांगला पिवळा जळत होता. अकराला पाच मिनिटं असताना तो तळवलीला पोचला. त्याचंच गाव, पण घरी गेला नाही. सुचित्राच्या घरासमोर गाडी लावली. खिडक्यांना अंधार होता, त्या आठवड्यात यशोदाबाई खांदेश्वरलाच होती. तो पाच मिनिटं थांबला, बिडी ओढली. मग साहेब जे जे करतात ते सगळं त्याने केलं. दरवाजाच्या हिसक्याने एखादी तार हलत असेल, अशी त्याला शंका होती. म्हणून गाडीला वळसा घालून गेला. डाव्या बाजूचं मागचं दार पूर्ण उघडलं. म्हातारी बसायला वेळ लागतो, तेवढा वेळ उघडं धरलं. मग जोरात लावलं.

आणि पुढे येऊन बसला. निघाला.

महापे मागे पडलं. कोपरखैरणे गेलं. उजवीकडे-डावीकडे कारखान्यांच्या भिंती. एक टँकर समोरून आला, गेला. मग रस्ता मोकळा.

आणि गेलं सगळं.

दिवे गेले, इंजिन अडखळलं, आरशावरचा बल्बही विझला. अंधारात गाडी तशीच धावतेय. एक... दोन... तीन. आलं परत.

दत्तू घाबरला नाही. तो हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या गाडीने त्याच्यासमोर तोंड उघडलं होतं. बल्ब विझला, म्हणजे रोग किल्लीच्या अलीकडे, बॅटरीकडून येणाऱ्या तारेतच. पुढे अजून दोनदा झालं. तुर्भ्याच्या अलीकडे एका कंपनीच्या फाटकाचा दिवा होता, तिथे त्याने गाडी उभी केली. टॉर्च घेऊन ती तार हाताने चाचपत निघाला. बॅटरी पुढे, किल्ली पुढे. मग ही तार मागे कशाला गेलीय? सतरंजीखालून थेट मागच्या सीटकडे?

तिथे चोरस्विच असणार, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लोक लपवून एक बटण बसवतात, बंद केलं की गाडीचा सगळा करंट तुटतो. आधीच्या कुणा मालकाने बसवला आणि गाडी विकताना सांगायचा राहिला.

मागची सीट उचलायला त्याने हात घातला. उचलेना.

हुक अडकला असेल म्हणून वाकून बघितलं. अडकलेला नव्हता. पुन्हा जोर लावला. जड. गोणी ठेवल्यासारखी जड. तो घामाघूम झाला. "ऊठ ना," असं तो वैतागून म्हणाला. सीटला म्हणाला.

आणि सीट हलकी झाली. एका हाताने वर आली.

त्याने तेव्हा विचार केला नाही. खाली चोरस्विच होता, गंजलेला. त्याची एक तार जेमतेम टेकलेली. खड्ड्याच्या धक्क्याने सीटची स्प्रिंग वजनाखाली पार दबली की ती तार सुटायची. दत्तूने सीट खाली टेकवून हाताने जोरात दाबून बघितली, पुढचे दिवे गेले. सोडली, आले. पाच वेळा केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तो मला म्हणाला. स्विच तोडून काढला, तार सरळ जोडली, टेप गुंडाळली. सीट ठेवली. गाणं गुणगुणत निघाला.

गाडी चालवता चालवता उद्याचं भाषण जुळवायला लागला. टपरीवर सगळे असतील, नदीमची वाट बघणारे पण. मोठ्याने बोलून बघत होता.

"साहेब, फॉल्ट साधा हाय. तुमी दोघं पुढं बसता तवा काय नाय होत. जाताना काय नाय होत. येताना तुमची आई असते. मागं मानूस बसला, सीट दबली, की..."

तिथे तो थांबला.

मागे माणूस बसला की.

तो एकटा होता.

दिवे तीनदा गेले होते.

...

त्याने आरशात बघितलं नाही. आरशाला बल्ब लटकत होता, हलत होता. त्याच्याकडेही बघितलं नाही. समोर बघत राहिला. जुईनगर. नेरुळ. मागून आवाज नाही. श्वास नाही. नुसतं कुणीतरी ऐकत बसलंय, असं वाटत होतं. मुकाट.

बेलापूरचा चढ लागला तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "कासिमभाई?"

काही नाही.

बऱ्याच वेळाने तो पुन्हा म्हणाला, "हा फॉल्ट मी काढलाय."

मागे स्प्रिंग वाजली. एकदाच. बसल्या जागी माणूस सावरून बसतो, तशी.



पाऊण वाजता माझी कडी वाजली. मी उघडलं. दत्तू बनियनवर, शर्ट हातात, थंडीत घामाने निथळलेला. गाडी दुकानात घातली होती, पण मागची सीट पाठीसकट ओढून बाहेर टाकली होती, माझ्या दोन जुन्या टायरांवर, उघड्यावर. "ती आत नको," एवढंच म्हणाला. पाणी प्यायला. मग हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच.

मला वाटलं, घाबरलाय. घाबरला होताच. पण सांगून झाल्यावर म्हणतो, "वामनशेठ, मना एक सांगा. फॉल्ट मी काढला का त्यानं?"

"तू काढलास," मी म्हटलं. "तार तू जोडलीस."

"तो बसला नसता तर दिवे गेले असते?"

मी पुन्हा पाणी ओतून त्याच्यासमोर ठेवलं.

"जिता होता तवा गिऱ्हाइकं नेली," दत्तू म्हणाला. "जन्मात एक फॉल्ट असा भेटला, की लोक माझं नाव काढतील. तो पन याला पायजे. मेल्यावर पन पायजे." आणि भिंतीला डोकं टेकून रडायला लागला. मी लहान पोराला थोपटावं तसं त्याला थोपटलं. भुतापेक्षा मला त्या रडण्याचीच जास्त भीती वाटली. पहाटेपर्यंत आम्ही दोघं दिवा लावून बसलो. बाहेरून काही आवाज आला नाही. मी कान देऊन होतो.

सातला सुधीरसाहेब आणि मीनावहिनी रिक्षाने आले. टपरी उघडली होती, नेहमीची मंडळी जमली होती. दत्तूने तोंड धुतलं होतं, केस विंचरले होते. उजेडात माणूस वेगळा होतो. त्याने गाडी बाहेर काढली, चोरस्विच हातात धरून सगळ्यांना दाखवला, समजावलं. साहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

मीनावहिनींनी विचारलं, "पण तुम्हाला सापडलं कसं? मागे कुणाला बसवलं होतं?"

टपरीवरचे सगळे ऐकत होते. दत्तूने माझ्याकडे बघितलं. मी टायरांकडे बघायला लागलो.

"कुनाला नाय," तो म्हणाला. "मी एकट्यानंच काढला."

"कमाल आहे," वहिनी म्हणाल्या. "कासिमभाईंनासुद्धा कुणीतरी बसवावंच लागलं असतं."

दत्तूचा चेहरा असा काही फुलला. एवढं ऐकायला तो पंधरा वर्षं थांबला होता. "सीट बसवून देतो, घेऊन जा," म्हणाला आणि टायरांकडे आला. मी एका बाजूने धरायला वाकलो.

त्या दिवसांत कळंबोलीला पहाटे दव पडायचं. माझी दुकानाची पायरी ओली होती. टायर ओले होते. सीटच्या काळ्या रेक्झिनवर दवाचे थेंब दाट बसले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फक्त डाव्या बाजूला, माणूस बसतो तिथे, दीड-दोन वीत जागा कोरडी होती. पाठीच्या बाजूलाही. खांद्याइतक्या उंचीपर्यंत.

वर छप्पर नव्हतं. झाड नव्हतं. मी हात लावून बघितला.

दत्तू उभाच राहिला. साहेबांनी हाक मारली, "काय झालं?" तो म्हणाला, "ओली हाय. जरा ऊन येऊ द्या."

ऊन यायला साडेआठ झाले. तोपर्यंत तो सीटजवळ उकिडवा बसून होता, तिला हात न लावता. त्या कोरड्या जागेवर एकही थेंब आला नाही.